रणपिसेबाईंची शाल आणि माझी मिशी

“मिशी लावतो,” मी म्हणालो.

हुसेनचाचांनी हातातला पायरी आंबा गाड्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. “कुठली मिशी?”

“ही. तोंडावरची. दुसरी कुठं ठेवलीय मी?”

“सद्या, विचार कर. मिशी सोडली तर तुझ्या तोंडात बघण्यासारखं काय आहे?”

“ते मी बघतो. तुम्ही काय लावता ते सांगा.”

चाचांनी डोकं खाजवलं. बागवान माणूस, चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या गेटवर फळं विकलेली. पेशंट बरा झाला तरी यांची गिऱ्हाइकी, नाही झाला तरी यांचीच. शेवटी म्हणाले, “मी हरलो तर एक अख्खा दिवस गाड्यावर उभा राहून ओरडेन, की माझे आंबे आंबट आहेत.”

“आईची शपथ?”

“आईला मधे आणू नको. आंब्याची शपथ.”

यशवंता न्हावी मधे उभा राहिला आणि दोघांचे हात तोडून पैज पक्की केली. यशवंता म्हणजे हॉस्पिटलचाच न्हावी. ऑपरेशनच्या आधी पेशंटची हजामत करायचा. गावातल्या अर्ध्या लोकांची पोटं त्यानं उघडी बघितली होती, त्यामुळं त्याच्यापुढं कुणी फार शहाणपणा करत नसे. पंच म्हणून तोच ठरला.

पैज साधी होती. एकतीस मेला रणपिसेबाई रिटायर होणार होत्या. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर सत्काराची शाल घालायची, आणि ऑफिसच्या दारापासून मेन गेटपर्यंत ती शाल त्यांच्या खांद्यावर टिकली पाहिजे. टिकली तर मी जिंकलो. मधे उतरली तर मिशी गेली.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? तुम्ही बाईंना ओळखत नाही.

इंदुमती रणपिसे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये एकवीस वर्षांच्या असताना केसपेपरच्या खिडकीत बसल्या, आणि चढत चढत मुख्य प्रशासक झाल्या. डॉक्टर लोकसुद्धा त्यांच्या केबिनमध्ये जाताना शर्ट खोचायचे. आणि बाईंचं एक होतं. त्यांच्या खांद्यावर शाल टिकायची नाही. आमदार आले, मंत्री आले, क्लबवाले आले, सगळ्यांनी शाली घातल्या. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत बाई शाल काढून वळलेल्या असायच्या, आणि ती शाल बाळंतिणीच्या वॉर्डात कुठल्या तरी पोराभोवती गुंडाळली जायची. नारळ जायचे थेट शेडमध्ये, चटणीला. हॉस्पिटलच्या भिंतीवर बाईंच्या सत्काराचे पंधरा-वीस फोटो आहेत. एकातही खांद्यावर शाल नाही.

आता शेड म्हणजे काय, तेही सांगतो, कारण सगळा तमाशा तिथंच झाला.

हॉस्पिटलच्या आवारात गेटच्या डाव्या हाताला पत्र्याची एक लांब शेड. खाली ओळीनं चुली. खेड्यातनं पेशंट आला की बरोबर बायको, आई, भाऊ, कुणीतरी येतंच. त्यांनी जेवायचं काय? बाईंनी ही शेड उभी केली. पेशंटमागं एका नातेवाइकाला गुलाबी पास मिळायचा. पास असला की चूल मांडा, भाकरी थापा, पेशंटलाही द्या, स्वतःही खा. शेडच्या दारात पाटी होती, ट्रस्टच्या ठरावानिशी: ‘पासधारकाची चूल कोणीही विझवू नये.’

मीही त्या शेडमध्ये चोवीस दिवस काढलेत. माझी पोरगी सातव्या महिन्यातच आली, मुठीएवढी. बायको वॉर्डात, पोरगी काचेच्या पेटीत, आणि मी शेडमध्ये पिठलं करपवत. त्यानंतर मी हॉस्पिटलच्या समोरच झेरॉक्सचं दुकान टाकलं. कुणी विचारलं तर सांगतो, धंद्याची जागा चांगली म्हणून.

झेरॉक्सवाल्याचा एक फायदा असतो. गावाच्या आधी त्याला सगळं कळतं. वीस मेला चेअरमनसाहेबांचा शिपाई एक कागद घेऊन आला, दहा कॉप्या पाहिजेत म्हणाला. मी कागद काचेवर उलटा ठेवायच्या आधी वाचला. वाचतोच मी. लिहिलं होतं, शेडमध्ये एकही पासधारक शिल्लक राहणार नसल्याने एकतीस तारखेला सायंकाळी पाचनंतर शेड उतरवून तेथे स्पेशल रूमच्या पेशंटसाठी पार्किंग करण्यात यावे.

“पासधारक शिल्लक राहणार नाही म्हणजे?” मी शिपायाला विचारलं. “हॉस्पिटल रिकामं होणार काय?”

“पासाचे फॉर्म संपलेत.”

“मग छापा की.”

शिपाई हसला नुसता.

ट्रिक माझ्या ध्यानात आली. चेअरमन दिग्विजय इनामदार कागदाला फार जपायचे. बेकायदा काही करायचे नाहीत. जे करायचं ते आधी कायदेशीर करून घ्यायचे. शेड बंद करा म्हटलं तर बाई भांडल्या असत्या, गाव ओरडलं असतं. म्हणून फॉर्म छापायचंच बंद केलं. जुने पेशंट घरी चालले, नवीन लोकांना पास मिळेना, चुली एकेक करून विझत चालल्या. आणि तारीख अशी धरली की बाई नोकरीतनं गेल्या की त्याच संध्याकाळी पत्रे खाली. वरनं दुसरी नोटीस: हॉस्पिटलच्या आवारात सत्कार, हार, भाषण, सभा यांना बंदी. कारण, पेशंटना त्रास होतो. लोक जमले असते तर शेडचं कुणीतरी विचारलंच असतं. म्हणून बाईंनी सदतीस वर्षं नोकरी करून पिशवी घेऊन गपचूप घरी जायचं.

मला हे सहन झालं नाही. पण मी झेरॉक्सवाला. मी काय करणार? मी तेच केलं जे मला येतं. चाचांबरोबर पैज लावली, आणि आठ दिवस गावभर सांगत सुटलो. बंदी सत्काराला होती. पैजेला नव्हती.

एकतीस तारखेला सकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. मी उठून उभा राहिलो. त्यांच्यापुढं बसायची सवयच नव्हती.

“सदाशिव, गुलाबी कागद आहे?”

“आहे की. लग्नपत्रिकेचा उरलाय.”

त्यांनी पर्समधनं एक जुना कोरा पास काढला. घडी पडलेला. “याच्या बारा कॉप्या.”

“कशाला बाई?”

“रिटायर होणाऱ्या बाईला आठवण नको?”

मी मशीन चालू केलं. बाई बाहेर चाचांच्या गाड्याकडं बघत होत्या. मग सहज म्हणाल्या, “तुझ्या मिशीचं ऐकलं.”

माझं तोंड पडलं. “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही सांगितलं ते विचार. ऑपरेशनच्या टेबलावरचा पेशंटसुद्धा काल मला विचारत होता, की बाई, शाल ठेवणार का?”

“मग? ठेवणार का?”

“हरलास तर मिशी कुठं उतरवणार?”

“गेटवर. सगळ्यांसमोर.”

“गेटवर ऊन असतं. शेडमध्ये उतरव. गरम पाणी तिथंच मिळेल.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी बारा कॉप्या मोजून दिल्या. त्यांनी पैसे पुढं केले. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, “घे. उद्या म्हणशील बाईंना फुकटची सवय होती.” आणि गेल्या.

साडेचारपासून गेटवर माणसं जमायला लागली. नावाला पैज बघायला. कुणी बाळंतपण इथं झालेलं, कुणाचा बाप इथनं चालत घरी गेलेला, कुणाचा नाही गेलेला. वॉचमन प्रत्येकाची पिशवी तपासत होता, हार नको, नारळ नको. मी शाल गळ्याला मफलरसारखी गुंडाळून आत शिरलो.

“मे महिन्यात शाल?” वॉचमन म्हणाला.

“हिवताप आहे. शिंकू का तोंडावर?”

गडी दोन पावलं मागं सरकला.

शेडच्या बाजूला इनामदारसाहेब उभे होते. पांढरी सफारी, हातात रुमाल. त्यांच्याजवळ ‘पार्किंग’ लिहिलेली नवी कोरी पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली. ठेकेदाराची चार माणसं नटबोल्ट खोलायचे पाने घेऊन सावलीत बसली होती. शेडमध्ये आता एकच चूल शिल्लक होती, तानूबाई नावाच्या म्हातारीची. तिच्या नवऱ्याला त्याच दुपारी डिस्चार्ज मिळाला होता. म्हातारी गाठोडं बांधत होती. ती गेली की शेडमध्ये पासधारक शून्य.

पाचला ऑफिसचं दार उघडलं. बाई बाहेर आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. बस्स. जन्माची नोकरी संपल्यावर माणूस एवढंच घेऊन बाहेर येतं.

मी पुढं झालो आणि गळ्यातली शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

आणि त्यांचा हात उठला. सवयीनं. माझ्या मागं चाचा कुजबुजले, “गेली मिशी.”

“थांबा बाई,” मी म्हणालो. “ही शाल तुम्हाला कुणाला देता येत नाही.”

“का?”

“ही आधीच दिलेली आहे. तुम्हीच दिलीय. कुठल्या तरी मंत्र्याची होती. माझ्या पोरीला गुंडाळलेली.”

बाईंनी शालीचा काठ हातात घेतला. काठ विटलेला, आणि एका कोपऱ्यात बोट जाईल एवढं जळकं भोक. माझ्याच चुलीतली ठिणगी. त्यांनी त्या भोकात बोट घातलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

“पोरगी काय करते?”

“नागपूरला बँकेत आहे. फोनवर मला शिव्या घालते.”

“बरं करते,” बाई म्हणाल्या. आणि शाल नीट अंगाभोवती लपेटून घेतली.

काय सांगू तुम्हाला! वॉर्डाच्या खिडक्यांत नर्सा उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतले. बाई पायऱ्या उतरल्या. शाल खांद्यावर. औषधाच्या खिडकीवरनं पुढं गेल्या. शाल खांद्यावर. माणसं बाजूला होत होती, कुणी बोलत नव्हतं, शांतता क्षेत्राची पाटी आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी पाळली. मी बाजूनं उलटा चालत चाचांच्या तोंडाकडं बघत होतो.

“ओरडायची प्रॅक्टिस करा,” मी हळूच म्हणालो. “आंबे आंबट... आंबे आंबट...”

“गप रे. अजून गेट आलं नाही.”

गेट पंधरा पावलांवर राहिलं होतं. आणि बाई डावीकडं वळल्या.

सरळ शेडमध्ये. तानूबाईनं तांब्या उचलला होता, चुलीवर पाणी ओतायला. जाताना चूल विझवून जायची पद्धत.

“तानूबाई, विझवू नका,” बाई म्हणाल्या. खांद्यावरची शाल काढली आणि म्हातारीच्या अंगावर घातली. “प्रवासात वारं लागतं. राहू दे ही तुम्हाला.”

“अगं बाई, मला कशाला,” म्हातारी म्हणाली, पण शाल तिनं घट्ट धरली.

“उतरली!” यशवंता ओरडला. “गेटच्या आत उतरली! सद्या हरला!”

झालं. अख्खा जमाव शेडमध्ये घुसला. मिशी उतरताना कुणाला चुकवायची नव्हती. यशवंतानं हॉस्पिटलची पेटी उघडली. कुणीतरी मला धरून चुलीशेजारी पाटावर बसवलं. चाचा एवढे नाचत होते की टोपी पडली. माझं मात्र मन उडालं होतं. मिशीचं राहू द्या हो. एवढं चालून आल्यावर पंधरा पावलांसाठी?

“हे काय चाललंय?” इनामदारसाहेबांचा आवाज आला. लोक थोडे फाकले. “बाई, सभेला बंदी आहे. नोटीस तुम्हीसुद्धा वाचलीय.”

“सभा नाही साहेब,” बाई म्हणाल्या. “हजामत आहे. हॉस्पिटलच्या न्हाव्यानं हॉस्पिटलच्या आवारात करायची. त्याला कधी बंदी नव्हती.”

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

“ठीक आहे. उरका आणि निघा. पाच वाजून गेलेत. आता इथं पासधारक कुणी नाही.” त्यांनी ठेकेदाराच्या माणसांना खूण केली. ती उठली.

बाईंनी कापडी पिशवीत हात घातला आणि गुलाबी कागदांचा गठ्ठा काढला. माझाच कागद. लग्नपत्रिकेचा उरलेला.

“आहेत की. बारा आहेत. पावणेपाचला सह्या केल्यात. तेव्हा मी नोकरीत होते.”

साहेबांनी एक पास ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला. “हे फॉर्म कुठनं आले? फॉर्म संपलेत.”

“फॉर्म संपलेत असं तुमची नोटीस म्हणते. पास देऊ नये असं कुठं म्हटलंय? दाखवा मला. कागद तुम्हीच नीट ठेवता.”

साहेबांनी पास वाचायला सुरुवात केली. “पेशंट, भिवा कारंडे, दोन नंबर वॉर्ड. नातेवाईक...” ते थांबले. “हुसेन बागवान. नाते, मामा?”

सगळ्यांनी चाचांकडं बघितलं. चाचांना यातलं काहीही माहीत नव्हतं, हे मी कुराणावर हात ठेवल्यासारखं सांगतो. पण गेटवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. टोपी उचलून डोक्यावर ठेवत म्हणाला, “सख्खा मामा साहेब. आईकडनं.”

“हा काय पोरखेळ आहे? हे मामा कसे होतील?”

“वॉर्डात बारा पेशंट असे आहेत,” बाई म्हणाल्या, “ज्यांच्या केसपेपरवर नातेवाइकाच्या पुढं ‘निरंक’ लिहिलंय. कुणी रस्त्यावरनं उचलून आणलेला, कुणाला पोरांनी दारात सोडलेलं. मी आज त्यांना नातेवाईक दिले. तुम्हाला खात्री करायची असेल तर वर जाऊन भिवाला विचारा. तीन आठवडे झाले, त्याला कुणी नात्याचं विचारलेलं नाही. खूश होईल.”

बाईंनी पास वाटायला सुरुवात केली. चहावाला झाला कुणाचा तरी चुलत भाऊ. मेडिकलवाला झाला पुतण्या. यशवंता मेहुणा. माझ्या हातात एक पास ठेवला. पेशंट, चंद्राबाई, वय सत्तर, स्त्री वॉर्ड. नातेवाईक, सदाशिव कोष्टी. नाते, जावई.

“बाई,” मी म्हणालो, “आहे ती सासू झेपत नाही मला.”

“हिला दात नाहीत. मऊ भात लागतो. पिठलं करपवू नको.”

शेवटचा पास त्यांनी स्वतःच्या पदराच्या टोकाला बांधला. त्यावर नातेवाइकाच्या जागी लिहिलं होतं, इंदुमती रणपिसे. नाते, बहीण.

इनामदारसाहेब शेवटी म्हणाले, “हे बारा पेशंट बरे होऊन जातील. मग?”

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. त्यांनी तो कधीच चढवलेला मी ऐकला नाही.

“या गावातली बेवारस माणसं ज्या दिवशी संपतील ना साहेब, त्या दिवशी ही शेड मी स्वतः उतरवीन. एकेक पत्रा. तोवर दारातली पाटी वाचा. तुमच्याच वडिलांची सही आहे ठरावावर. आणि फॉर्म पुन्हा संपले, तर समोर झेरॉक्स आहे.”

ठेकेदाराच्या माणसांनी पाने पोत्यात टाकले. त्यातला एकजण म्हणाला, “मिशी कधी उतरणार? आम्हाला पण बघायचीय,” आणि पुढं येऊन उकिडवा बसला.

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं, आणि निघून गेले. ‘पार्किंग’ची पाटी तिथंच राहिली. नंतर तिच्यावर भाकऱ्या थापायचे लोक.

आज नऊ वर्षं झाली याला. शेड आहे. त्या बारांनंतर किती मामा आणि किती जावई झाले, मी मोजणं सोडून दिलं. वॉर्डात दर महिन्याला नवे नातेवाईक लागतात, आणि मी गुलाबी कागदाचं रीम आणून ठेवतो.

पण त्या संध्याकाळी मला एवढं काही सुचत नव्हतं. मी पाटावर बसलो होतो, गळ्याभोवती ऑपरेशनचा हिरवा कपडा, समोर अख्खं गाव. बाई पदर खोचून चुलीपुढं बसल्या आणि फुंकणी मारून जाळ केला. वर पाण्याचं पातेलं ठेवलं.

“बाई,” मी हळूच विचारलं, “पंधरा पावलं राहिली होती. मुद्दाम हरवलंत मला?”

त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. “सत्काराला बंदी होती सदाशिव. लोक शेडमध्ये यायला काहीतरी पाहिजे होतं. आणि तुझी मिशी सोडली तर या गावात बघण्यासारखं काय आहे?”

चाचा खदाखदा हसले. “मी आठ दिवसांपूर्वी हेच बोललो होतो!”

“तुम्ही गप बसा. आंबे आंबट आहेत तुमचे.”

“हरलास तू! मी कशाला ओरडू?”

पाणी तापलं. यशवंतानं ब्रश भिजवला, माझ्या ओठावर साबण फासला, आणि वस्तरा पट्ट्यावर दोनदा घासून मोठ्यानं विचारलं, “गावकऱ्यांनो, आधी डावी का उजवी?”

“डावी!” सगळं गाव ओरडलं. वरच्या खिडकीतनं एक नर्सही ओरडली. शांतता क्षेत्र वगैरे कुणाला आठवलं नाही.

वस्तरा लागला. मिशीचा पहिला पुंजका मांडीवरच्या गुलाबी पासावर पडला. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं ते धुरानं.

“हलू नको,” बाई म्हणाल्या. “जावई आहेस तू आता. नीट बस.”